तिथी पाहून बेटे पाहावीत



बेटे म्हटली म्हणजे आपणांपैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे लक्षद्वीप उभे राहते. पांढरी वाळू, प्रवाळाचे कडे, आत निळे निवांत पाणी! आमच्या रेवदंड्याच्या आसपासची बेटे मात्र निराळ्या कुळातील आहेत. खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर दिसतो बेटासारखा, पण तो जमिनीला जोडलेला असल्यामुळे त्यास वगळू. उत्तरेस थळसमोर खांदेरी व उंदेरी, अलिबागेस कुलाबा, दक्षिणेस मुरुडजवळ पद्मदुर्ग आणि राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा, अशी ही माळ आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर साचून जो काळा पाषाण सह्याद्रीला लाभला, तोच या बेटांचाही. प्रवाळ आपले बेट बांधीत असतो. येथे समुद्र बेट खात असतो. याचे प्रत्यंतर पाहावयाचे असल्यास पद्मदुर्गाचा तट निरखून पाहावा. खाऱ्या वाऱ्यापाण्याने दगड झिजून खोलगट झाले, पण सांध्यांतील चुना जागच्या जागी उभा आहे. जणू मधाचे रिकामे पोळेच! शिवकालीन गवंड्यांचा चुना पाषाणाहून टिकाऊ ठरला, हे मला कोणत्याही तोफेपेक्षा अधिक पाहण्यासारखे वाटते.

इतिहास आपण वाचलेलाच आहे. १६७९ मध्ये शिवाजीमहाराजांनी खांदेरीवर तट उभारावयास घेतला, इंग्रज व सिद्दी आडवे आले आणि १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यांत खांदेरी आहे. तेथे १८६७ सालचा दीपस्तंभ, कोळ्यांचे श्रद्धास्थान असलेला वेताळ आणि ठोकला असता धातूसारखा नाद देणारा एक खडक आहे. मुलांना त्या खडकाची मौज सर्वांत अधिक!

आता मुख्य गोष्ट. कुलाब्यास ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. पुष्कळ मंडळी रविवार पाहून येतात. समुद्र वार ओळखीत नाही, तिथी ओळखतो. कोकणातील जुना हिशेब असा, की पक्षातील तिथीला तिनाने गुणून चाराने भागावे. जो आकडा येईल, त्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शाळेत अपूर्णांक शिकविताना हेच गणित मी मुलांना घालीत असे. अष्टमीस सहा वाजता भरती, म्हणून ओहोटी दुपारी बारास. वेळ किती सोयीची! परंतु ते भांगाचे पाणी; ते फारसे उतरतच नाही. उलट अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी १२ फुटांहून अधिक चढते-उतरते, आणि ओहोटी मात्र पहाटे व सायंकाळी येते. म्हणून द्वितीया किंवा तृतीया साधावी. भरती दीड-सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसात-सव्वाआठला.

पाणी उतरत असतानाच निघावे. उघड्या पडलेल्या खडकांच्या डबक्यांतून खेकडे, शंख, दगडाला चिकटलेली कालवे, बोट लागताच मिटणारी समुद्रफुले दिसतील. ती पाहावीत, उचलून आणू नयेत. आत १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेले गणेश पंचायतन आहे, आणि चोहोकडे खारे पाणी असता गोड्या पाण्याची विहीर आहे. तेथे मन रमते, आणि धोका नेमका तोच. तटावरून वळून पाहीपर्यंत परतीची वाट बुडालेली असते. पाणी केवळ गुडघ्याएवढे दिसते म्हणून मुलाला खांद्यावर घेऊन कोणी उतरू नये. ओढ पायांखालची वाळू नेते. मागे राहिलाच, तर वर किल्ल्यातच थांबावे. पुढची ओहोटी येतेच, उपाशी राहावे लागेल एवढेच.

आमचा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, तेव्हा छापील कोष्टकाशी तो ताडून पाहावा, आणि किनाऱ्यावरच्या कोळीदादांना विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. खांदेरी, पद्मदुर्ग, जंजिरा येथे होडीनेच जावे लागते. पावसाळ्यात तो बेत करू नये. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळला, की कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम.