बंदुकीचे विधेयक आणि मतदाराचे पत्र
(मानोरा येथे शेतकरी व कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



तूर शेंगेवर आली की मानोरा तालुक्यातील शेतकऱ्याची झोप उडते. सोयाबीन तोवर निघालेले असते, कपाशीची वेचणी चालू असते, आणि उभ्या तुरीत रात्री रानडुकरांचा कळप शिरतो. रोही तर दिवसाढवळ्या येतात. रात्रभर जागल करणे, पत्र्याचे डबे बडविणे, फटाके फोडणे, बुजगावण्याला जुना सदरा चढविणे हे सारे करून झाले की पारावरच्या बोलण्यात ठासणीची बंदूक येते. पूर्वी अमक्याच्या घरी ती होती, तिचा परवाना होता, हंगामात दोनदा वाजली तरी शिवार शांत राही, असे सांगितले जाते. या आठवणीत खरे किती आणि रंगविलेले किती हा प्रश्न बाजूला ठेवता येईल. त्या बंदुकीचा कायदा कोण करतो आणि करताना कोणाचे ऐकतो, हा प्रश्न मात्र बाजूला ठेवण्यासारखा नाही.

कायदा म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम. १९५८ साली मांडलेल्या विधेयकाला कायदा होण्यास १९५९ चा डिसेंबर उजाडला, आणि अंमल सुरू झाला तो १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्यापूर्वी लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ चा कायदा होता. पराभूत आणि संशयित प्रजेसाठी केलेला तो कायदा होता. त्यात युरोपियनांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना अशी वाटणी होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत अशीही एक होती, आणि तिला एक अट जोडलेली होती : हे परवाने लोकनियंत्रणाखाली असावेत. अहिंसेच्या उपासकाने ही मागणी केली याचे नवल पुष्कळांनी केले आहे. पण त्या मागणीतील महत्त्वाचा शब्द बंदूक हा नव्हे, लोकनियंत्रण हा आहे.

१९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदविला गेला. त्याचाच आधार घेऊन १९४८ च्या डिसेंबरात घटनासमितीत हरि विष्णू कामत यांनी तो हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. कामत हे मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी, म्हणजे मानोऱ्याचा मुलूख ज्या प्रांतात होता त्या प्रांताचेच. पुढे ते प्रजासमाजवादी पक्षात होते. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही आणि सभागृहाने ती फेटाळली. ते योग्यच झाले असे म्हणावे लागेल. ज्या गावात जमीन, पाणी आणि पत ही मोजक्या घरांच्या हाती आहेत, तेथे शस्त्राचा अमर्याद हक्कही त्याच घरांच्या हाती गेला असता.

तथापि १९५९ च्या कायद्यात दोन गोष्टी अशा आहेत की ज्या मानोऱ्याच्या पारावर फारशा कोणाला माहीत नसाव्यात. तेराव्या कलमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे हा शेतकरी कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर होता. आणि चौदाव्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे की, अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. सावकार आणि सालदार यांना एका ओळीत उभे करणारी अशी वाक्ये भारतीय कायद्यांत थोडी आहेत. ते वाक्य कागदावरून शिवारात का उतरले नाही, याची कारणे ठाऊक असलेलीच आहेत. परवान्यापूर्वी पोलिसांचा अहवाल लागतो. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि १९५२ साली ज्यांच्यावरील तो शिक्का कागदोपत्री पुसला गेला, त्यांपैकी फासेपारधी या भागात आजही आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने पीकरक्षणासाठी अर्ज केला तर त्याच्या अहवालात काय लिहिले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता २०१९ कडे यावे. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला केंद्र सरकारने शस्त्र कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत मांडले. ९ डिसेंबरला लोकसभेने आणि १० डिसेंबरला राज्यसभेने ते संमत केले. १३ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मांडणीपासून दोन्ही सभागृहांच्या मंजुरीपर्यंत अवघे अकरा दिवस. लोकसभेत ज्या दिवशी हे विधेयक संमत झाले, त्याच दिवशी रात्री उशिरा नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर मतदान झाले, आणि देशाचे डोळे साहजिकच तिकडे लागले होते. महाराष्ट्रात त्या पंधरवड्यात काय चालले होते? ऑक्टोबरअखेरच्या अवकाळी पावसाने कापलेले सोयाबीन शेतातच सडले होते आणि शेतकरी पंचनाम्यांच्या मागे होता. मुंबईत महिनाभराच्या सत्तानाट्यानंतर २८ नोव्हेंबरला नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला होता. दुसऱ्या दिवशी दिल्लीत बंदुकीचे विधेयक आले, याकडे वाशीम जिल्ह्यात कोणाचे लक्ष जाणार?

पण काहींचे लक्ष होते. १९८३ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनपेक्षा अधिक बंदुका बाळगता येणार नाहीत अशी मर्यादा घातली होती. नव्या विधेयकात ती तीनवरून एकावर आणण्याचा प्रस्ताव होता. त्याविरुद्ध पत्रे गेली, शिष्टमंडळे भेटली. पंजाबचे तत्कालीन मुख्यमंत्री अमरिंदरसिंग यांनी केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहून विरोध कळविला. राजघराण्यांतील आणि राजपूत समाजातील मंडळींनी परंपरेचा हवाला दिला, नेमबाजांनी खेळाचा. आणि ती पत्रे फळली. सरकारने स्वतःच माघार घेऊन एकाच्या जागी दोन केले. २०२० च्या फेब्रुवारीत नियम बदलून जुन्या, शोभेच्या बंदुकांना व नेमबाजांना आणखी सवलती मिळाल्या.

यात कोणी गैर काही केले असे नव्हे. आपल्या हिताच्या कायद्याविषयी सरकारला लिहिणे हा नागरिकाचा अधिकारच आहे. प्रश्न असा की, ज्याच्याकडे तीन बंदुका होत्या त्याचे पत्र वेळेवर पोहोचले. ज्याच्याकडे एकही नाही आणि ज्याला एक हवी आहे, त्याचे काय? त्याच विधेयकात विनापरवाना शस्त्राची शिक्षा वाढविण्यात आली होती. बाप मेल्यावर कोनाड्यात तशीच राहिलेली, नूतनीकरण न झालेली ठासणीची बंदूक सापडली, तर वारसावर येणारे संकट त्या दुरुस्तीने वाढले. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली, ही सोय झाली. लग्नाच्या वरातीत आनंदाच्या भरात गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आली, हीही चांगली गोष्ट. पण ज्या बाईचा मुलगा अशा वरातीत दगावतो, तिला खासदाराचा पत्ता ठाऊक नसतो. बंदूक हवी असणाऱ्या गरिबाचा आवाज जसा दिल्लीला पोहोचत नाही, तसाच बंदुकीचे भय वाटणाऱ्या गरिबाचाही पोहोचत नाही.

पत्रांची रास म्हणजे लोकमत, असेही समजू नये. अमेरिकेत १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्येनंतर बंदूक-नियंत्रणाच्या बाजूने लोकक्षोभ उसळला, तेव्हा १८७१ पासून कार्यरत असलेल्या तेथील रायफल असोसिएशनने सभासदांना आपापल्या प्रतिनिधींना पत्रे लिहिण्यास सांगितले. पत्रांचा पूर आला. अध्यक्ष जॉन्सन यांनी २२ ऑक्टोबर १९६८ रोजी ज्या कायद्यावर सही केली, त्यात बंदुकांची नोंदणी आणि बंदूकधारकांना परवाने या त्यांनी मागितलेल्या दोन गोष्टी नव्हत्या. संघटित थोडे असंघटित अनेकांवर कशी मात करतात याचा तो धडा होता. उलट उदाहरण न्यूझीलंडचे. २०१९ च्याच मार्चमध्ये क्राइस्टचर्च येथे मशिदींत ५१ माणसे मारली गेली. १ एप्रिलला विधेयक मांडले गेले आणि १० एप्रिलला ११९ विरुद्ध १ मतांनी संमत झाले. घाई आपल्याइतकीच, किंबहुना अधिक. तरीही मधल्या दिवसांत विधेयक समितीकडे गेले आणि अल्प मुदतीत सुमारे तेरा हजार लोकांनी लेखी म्हणणे पाठविले. तेव्हा वेळ नव्हता ही सबब पुरेशी नाही. भारत सरकारनेही २०१४ च्या फेब्रुवारीत असे धोरण ठरविले आहे की, विधेयकाचा मसुदा साध्या भाषेतील टिपणासह किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. हे धोरण आहे, कायदा नव्हे; म्हणून ते पाळले नाही तरी विधेयक अडत नाही.

येथे कोणी म्हणेल, पत्र लिहून उपयोग काय? १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर खासदाराला पक्षादेशाविरुद्ध मत देता येत नाही. आक्षेप खरा आहे. पण २०१९ चा बदल मतदानाने झालेलाच नाही. तो मतदानापूर्वी, पत्रांनी आणि भेटींनी झाला. मत बांधलेले असले तरी खासदाराची लेखणी बांधलेली नाही, त्याचा प्रश्न विचारण्याचा हक्कही बांधलेला नाही.

अडचण निराळीच आहे. मतदार प्रतिनिधीला पत्र लिहितो, पुष्कळ लिहितो. पण ते कामासाठी. बदली, प्रवेश, दवाखाना, रस्ता, आणि होय, बंदुकीच्या परवान्याची शिफारससुद्धा. उत्तर येते ते ‘योग्य कार्यवाहीसाठी अग्रेषित’ या शेऱ्याचे. कायद्याविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून त्याविषयी कोणी उत्तर देत नाही. शिवाय पत्र बहुधा चुकीच्या दारी जाते. शस्त्रे हा विषय घटनेच्या केंद्रीय सूचीत आहे. त्यावर कायदा करण्याचा अधिकार विधानसभेला नाही. तेव्हा कारंज्याच्या आमदारांना कितीही अर्ज दिले तरी शस्त्र कायद्याचे एक अक्षर बदलणार नाही. ते पत्र यवतमाळ–वाशीमच्या खासदारांकडे जायला हवे. वन्यप्राणी मात्र १९७६ पासून समवर्ती सूचीत आहेत. तेथे राज्यालाही बोलता येते, आणि ते बोलणे आवश्यकच आहे. कारण बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याकडून वेगळा मिळवावा लागतो. एक दार जिल्हाधिकाऱ्यांचे, दुसरे वनाधिकाऱ्यांचे, आणि दोन्हींच्या मध्ये शेत. २०१६ च्या जूनमध्ये रोही मारण्यावरून प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी हे दोन केंद्रीय मंत्रीच जाहीरपणे भांडले. शेतकरी तेवढा वेळ रात्रीची जागल करीतच होता. काहींनी कुंपणात वीज सोडली. तीत डुकरांबरोबर माणसेही मेली.

ज्यावर मानोऱ्याहून लिहिण्यासारखे आहे असा एक मुद्दा पहा. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. उद्देश चांगला आहे, दहशतीविना मतदान व्हावे हा. सरसकट जमा करू नये, छाननी समितीने ठरवावे, असे सांगितलेले असते. पण विधानसभेचे मतदान २०१४ साली १५ ऑक्टोबरला झाले, २०१९ साली २१ ऑक्टोबरला आणि २०२४ साली २० नोव्हेंबरला. म्हणजे नेमके खरीप पदरात पडण्याच्या दिवसांत. धनदांडग्याचे पिस्तूल आणि पीकरक्षणाची ठासणीची बंदूक यांना छाननीत वेगळे समजावे, की दहशतीच्या भयापुढे तुरीचे नुकसान सोसावे? दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे लिहिता येईल. शेतमजूर वस्तीतील माणूस कदाचित म्हणेल, जमाच करा; मतदानाच्या आदल्या रात्री मोठ्या वाड्यातील बंदूक ठाण्यात असलेलीच बरी. त्याचेही पत्र गेले पाहिजे, आणि त्याच पाकिटातून गेले तर अधिक बरे.

शस्त्र कायद्याला दुरुस्ती मागायची, तर पत्राखेरीज विनंती-अर्जाचीही वाट आहे. लोकसभेच्या नियमांत तिची सोय आहे : मांडलेल्या विधेयकावर करता येतो, आणि सार्वजनिक हिताच्या इतर विषयावरही. खासदाराने तो सादर केला तर त्यावर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते, आणि मग तो सभागृहाच्या कागदपत्रांत येतो. केराच्या टोपलीत जात नाही. अर्जदाराचे पूर्ण नाव व पत्ता हवा. सही येत नसेल त्याचा अंगठा चालतो. मराठीत लिहिला तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, आणि त्यावरही अर्जदाराची सही लागते. अंगठे गोळा करायला मानोऱ्याचा आठवडी बाजार पुरेल. भाषांतराचे काम तालुक्यातील शिक्षकांनी अंगावर घ्यायला हवे, आणि तेही तूर शेंगेवर येण्यापूर्वी.