प्राथमिक शिक्षक आणि संगणकाचा नित्योपयोग

(वैजापूर तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेसाठी तयार केलेल्या भाषणाचा पाठ)



मुलाचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात ज्या दिवशी लिहिले जाते, त्या दिवसापासून ते अक्षर त्याची आयुष्यभर सोबत करते. शाळा सोडल्याचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे खाते, पुढे नोकरीची कागदपत्रे, या सर्वांचे मूळ त्या एका ओळीत असते. पूर्वी ही ओळ टाकाने लिहिली जात असे; आज ती रजिस्टराबरोबरच पडद्यावरही लिहावी लागते. महाराष्ट्रात २०१५ पासून ‘सरल’ आणि पुढे देशभर ‘यूडायस प्लस’ या व्यवस्था आल्या, आणि गोदाकाठच्या गावांपासून शिऊर-लोणीकडील माळरानापर्यंतच्या प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला संगणकाशी नित्य व्यवहार करणे प्राप्त झाले.

यंत्र आज्ञाधारक आहे, परंतु विवेकी नाही. चुकीचे अक्षर ते तितक्याच निष्ठेने सांभाळते, जितक्या निष्ठेने बरोबर अक्षर सांभाळते. म्हणून संगणकाच्या सर्व उपयोगांत एकच तत्त्व शिक्षकाने ध्यानी धरावे : पडद्यावर जे दिसते ते प्रत्यक्षाशी ताडून पाहावे. पुढील सर्व सूचना या एकाच तत्त्वाचा विस्तार होत.

अक्षरलेखन

प्रथम लेखनाचा विचार. शाळांतील जुन्या संगणकांवर श्री-लिपी, कृतिदेव इत्यादी टंकांत लिहिलेले पुष्कळ लेखन पडून आहे. या जुन्या पद्धतीच्या टंकांत आत रोमन अक्षरांचे संकेत असतात व त्यांवर देवनागरीचे केवळ रूप चढवलेले असते. तो टंक ज्या यंत्रावर नाही, तेथे तीच फाइल उघडली म्हणजे अर्थहीन चिन्हांची रास दिसते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतंत्र संकेत मिळाले. युनिकोडमधील ‘क’ हा वैजापुरात, मुंबईत व परदेशात ‘क’च राहतो, त्यात शोध घेता येतो आणि नावे अकारविल्हे लावता येतात. यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोज अथवा लिनक्स यांच्या भाषाविषयक मांडणीत जाऊन मराठी जोडली की काम होते.

शासनमान्य इन्स्क्रिप्ट कळफलक आठवडाभराच्या सरावाने हाती बसतो, कारण त्याची रचना वर्णमालेस अनुसरून आहे : स्वर व मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘के’ या कळीवर क आणि शिफ्टसह ख. ‘आय’वर ग आणि शिफ्टसह घ. अल्पप्राण व महाप्राण हे शिक्षकाला नवे नाहीत. मराठीच्या दृष्टीने एक खूण विशेष लक्षात ठेवावी. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला; ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा भेद पडद्यावर साधण्यासाठी इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’ दाबावा, नंतर ‘डी’वरील हलन्त द्यावा, नंतर य लिहावा. ज्या तालुक्यात बहुसंख्य पालक शेतकरी आहेत, तेथे ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द तरी शाळेच्या कागदावर शुद्ध उमटला पाहिजे.

भ्रमणध्वनीवर बोलून मराठी लिहिण्याची सोयही आता सुलभ आहे. परिपाठाची टिपणे अथवा सभेचे इतिवृत्त यांकरिता ती उत्तम. मात्र मुलांची नावे, आडनावे व गावांची नावे ऐकून लिहिताना यंत्र जवळचा परिचित शब्द बसवते. नावे बोलून लिहू नयेत. लिहिलीच तर एकेक नाव रजिस्टराशी जुळवावे.

तक्ते व क्रमांक

‘सरल’मधील विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक १९ अंकी आहे. एक्सेलसारखा तक्ता कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवतो. हा क्रमांक साध्या रकान्यात लिहिला तर शेवटच्या चार अंकांची शून्ये होतात आणि कोणतीही धोक्याची सूचना मिळत नाही. आधीच्या यादीतून असा क्रमांक पुढे गेला तर वर्गातील सर्व मुले एकमेकांसारखी दिसू लागतात. यावर उपाय सोपा आहे. क्रमांक लिहिण्यापूर्वी तो संपूर्ण रकाना निवडून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ म्हणजे मजकूर असा ठेवावा. खराब झालेला क्रमांक प्रकार बदलून परत मिळत नाही. तो पुन्हा मुळातून लिहावा लागतो. शून्याने आरंभ होणाऱ्या क्रमांकांसाठीही हीच युक्ती, कारण संख्या समजली गेल्यास आरंभीचे शून्य गळून जाते.

जन्मतारखेविषयी असेच जपावे. ज्या यंत्रावर अमेरिकी पद्धतीची मांडणी आहे, त्यावर ‘५/६’ ही तारीख ५ जून न राहता ६ मे होते. महिना अक्षरांत लिहिल्यास संदिग्धता उरत नाही. त्याचप्रमाणे यादी क्रमवार लावताना केवळ नावांचा रकाना न निवडता संपूर्ण तक्ता निवडावा; अन्यथा नावे हलतात, जन्मतारखा जागच्या जागी राहतात, आणि एकाचे वय दुसऱ्याला चिकटते. चूक लगेच लक्षात आल्यास कंट्रोल व झेड या कळा एकत्र दाबाव्यात. पूर्वस्थिती परत येते. काम संपल्यावर यादीतील कोणतीही पाच मुले निवडून त्यांची नोंद रजिस्टराशी जुळवण्याची सवय ठेवावी. या कामास पाच मिनिटे लागतात.

या पाच मिनिटांचे मोल कशात आहे ते पाहावे. मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांची मुले कारखान्याच्या परिसरातील शाळेत बसावयाची, तर तेथील शिक्षकाला पोर्टलवर ते मूल सापडले पाहिजे. नावातील एक वेलांटी अथवा क्रमांकातील चार शून्ये त्या मुलाच्या वाटेत उभी राहिली, तर पालक दोनदा शाळेत येतो आणि तिसऱ्यांदा येत नाही. मूल फडावर आईबापांच्या मागे फिरू लागते. कागदोपत्री ही किरकोळ चूक असते. मुलाच्या आयुष्यात मात्र तिच्यामुळे एक वर्ष जाते.

दप्तराचे जतन

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्या काळचे दप्तर पुष्कळ अंशी उर्दूत आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींच्या शोधार्थ मराठवाड्यातील जुने दप्तर तपासले, तेव्हा उर्दू व मोडी जाणणाऱ्यांचे साहाय्य घ्यावे लागले. तथापि लिपी जाणणारा मिळाला आणि कागद वाचला गेला. वीस वर्षांपूर्वी एखाद्या विस्मृत टंकात लिहून एकाच चकतीवर ठेवलेली फाइल मात्र जाणकारालाही दाद देत नाही. यावरून बोध असा घ्यावा की महत्त्वाच्या लेखनाच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकावर, एक पेनड्राइव्हवर शाळेबाहेर सुरक्षित, आणि एक कागदावर छापून. अंतिम स्वरूपाचे पत्रक पीडीएफ करून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर त्याचे रूप बिघडत नाही.

संगणकाच्या मूळ प्रणालीकडेही लक्ष असावे. विंडोज ७ चे साहाय्य जानेवारी २०२० मध्ये थांबले आणि विंडोज १० ला मिळणारे नियमित मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. साहाय्य संपलेले यंत्र चालू राहते. परंतु नव्याने उघडकीस येणारे दोष त्यात दुरुस्त होत नाहीत. जेथे जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही, तेथे लिनक्स ही मोफत प्रणाली आणि तीवर लिब्रेऑफिस हे मोफत साधन बसवता येते. हा बदल जाणत्याच्या साहाय्याने व आधी सर्व फाइलींची प्रत काढूनच करावा.

आभासी जगाचा शालेय उपयोग

येथवर कार्यालयीन कामाचा विचार झाला. संगणकाचे दुसरे अंग मुलांना अधिक प्रिय आहे, ते म्हणजे पडद्यावरील आभासी जग. त्याकडे केवळ संशयाने पाहणे योग्य नाही, आणि मुलांना त्यात सोडून देणेही योग्य नाही. त्याचा उपयोग खिडकीसारखा करावा.

गूगल अर्थ उघडून त्र्यंबकेश्वरापासून गोदावरीचा मागोवा घेता येतो. नाशिक ओलांडल्यावर नांदूर मधमेश्वराचा बंधारा दिसतो. तेथून निघालेला जलद कालवा वैजापूर-गंगापूरकडे येतो. पुढे नदी वैजापूर तालुक्याच्या दक्षिण अंगाने जाऊन पैठणच्या नाथसागरास मिळते. मग आपले गाव, आपली शाळा, आपले शेत शोधण्यास मुलांना सांगावे. पडद्यावरील चित्र काही काळापूर्वीचे असते. त्यानंतर कोणती विहीर नवी झाली, कोणते झाड गेले, कोणते घर वाढले याची यादी मुलांनी शिवारात फिरून करावी. भूगोलाचा याहून जिवंत पाठ क्वचितच मिळेल.

स्टेलॅरियम नावाचे मोफत साधन पडद्यावर आकाश उभे करते. त्यात वैजापूरचे स्थान, सुमारे १९.९ अंश उत्तर अक्षांश व ७४.७ अंश पूर्व रेखांश, एकदा भरून ठेवावे. ध्रुवतारा क्षितिजापासून जवळजवळ २० अंशांवर दिसेल. हात लांब करून मूठ धरली असता ती आकाशाचे सुमारे १० अंश झाकते. म्हणून रात्री अंगणात उत्तरेस तोंड करून दोन मुठी मोजल्या की ध्रुव सापडतो. वर्षातून दोनदा, मेच्या २० तारखेच्या व जुलैच्या २३ तारखेच्या सुमारास, सूर्य या तालुक्याच्या बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हे दुपारी बाराला घडत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची असल्याने वैजापूरचा मध्यान्ह साधारणपणे साडेबाराच्या पुढेमागे होतो. मेमध्ये शाळेस सुट्टी असते, जुलैमध्ये आकाश ढगाळ असते. अशा वेळी पडदा उपयोगी पडतो. ढग फाटले तर मात्र पडदा सोडून काठीकडे धावावे.

‘लुआंटी’ हे मोफत साधन, ज्याचे ‘माइनटेस्ट’ हे पूर्वीचे नाव २०२४ मध्ये बदलले, मुलांना घनाकृती ठोकळ्यांचे जग रचू देते. त्यातील प्रत्येक ठोकळा एक मीटर बाजूचा मानलेला आहे. मुलांनी प्रथम टेप घेऊन वर्गखोलीची लांबी-रुंदी मोजावी, वहीत आराखडा काढावा आणि मग ती खोली पडद्यावर उभारावी. परिमिती, क्षेत्रफळ व प्रमाण हे तिन्ही पाठ त्यात येतात. ज्यांनी मोजले नाही त्यांची भिंत जुळत नाही, आणि चूक दाखवण्यासाठी शिक्षकाला बोलावे लागत नाही. अपूर्णांकांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संचातील प्रयोग उपयुक्त आहेत. त्यांपैकी काहींचे मराठी रूपही उपलब्ध आहे. वाडी-वस्तीवर जेथे जाल मिळत नाही, तेथे अशी सामग्री व ‘दीक्षा’वरील पाठ तालुक्याच्या गावी आधीच उतरवून घ्यावेत.

सावधगिरी

शेवटी रक्षणाचा विचार. मुलांची छायाचित्रे व आधारपत्रे शिक्षकांच्या व्हॉट्सॲप समूहांतून फिरवू नयेत, आणि काम झाल्यावर भ्रमणध्वनीतूनही काढून टाकावीत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीला विशेष संरक्षण दिले आहे. पोर्टलचा पासवर्ड फळ्यावर अथवा संगणकाच्या कडेला चिकटवून ठेवू नये. भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी कोणी कितीही अधिकारवाणीने मागितला तरी सांगू नये. निरोपाबरोबर आलेले अनोळखी ॲप उघडू नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, कारण आरंभीच्या काही तासांत पैसे अडवण्याची शक्यता अधिक असते. जालावर खेळले जाणारे खेळ खेळताना अनोळखी व्यक्तीला नाव, गाव व छायाचित्र देऊ नये, आणि पालकांचा भ्रमणध्वनी हाती असताना कोणतीही खरेदी करू नये, हे मुलांना प्रेमाने परंतु स्पष्टपणे सांगावे.

संगणकाने शिक्षकाचे काम वाढवले अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते, आणि ती निराधार नाही. या साधनांवर प्रभुत्व मिळवण्याचा खरा लाभ हाच की कागदासाठी जाणारा वेळ वाचून तो वर्गाकडे परत यावा. प्रत्येक शाळेने या महिन्यात दोनच गोष्टी कराव्यात : विद्यार्थी-यादीचा क्रमांकाचा रकाना तपासून दुरुस्त करावा, आणि एका निरभ्र रात्री मुलांसह दोन मुठींवरचा ध्रुव पाहावा. पहिल्या कामाने ऊसतोडीवरून परतणाऱ्या मुलाची जागा शाळेत सुरक्षित राहील. दुसऱ्याने पडद्यावर पाहिलेला तारा आपल्याच अंगणावर आहे, हे त्याला कळेल.