रांगत्या मुलाखालची भुई



लहान मुलांच्या आजारांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन ठिकाणी जाऊन थांबते. एक दवाखाना आणि दुसरे आईचे अज्ञान. दवाखान्यात डॉक्टर नाही, औषध नाही ही तक्रार रास्तच आहे. आईला हात धुण्याचे, पाणी उकळण्याचे, मूल स्वच्छ ठेवण्याचे धडे द्यावेत, या सूचनेतही वाईट काही नाही. परंतु जे मूल आजारी पडते ते दिवसाचे बहुतेक तास जिथे घालवते, त्या घराचा विचार या दोहोंच्या मध्ये कुठे तरी हरवून जातो. त्या घराची जमीन कशाची आहे, चुलीचा धूर कुठे जातो, पाणी कोठून येते आणि सांडपाणी कोठे मुरते, हे प्रश्न आरोग्य खात्याचे नव्हेत, बांधकाम खात्याचे, असे समजण्याची एक सोयिस्कर रूढी पडली आहे.

जगात पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांची संख्या १९९० साली सव्वा कोटीच्या घरात होती. २०२३ साली ती सुमारे ४८ लाखांवर आली. लस आणि जलसंजीवनी यांचा या यशात मोठा वाटा आहे आणि तो मान्य करण्यात कोणालाच संकोच वाटण्याचे कारण नाही. मात्र न्यूमोनिया आणि अतिसार ही आजही बालमृत्यूची प्रमुख कारणे आहेत. जे मूल मरणातून वाचते, तेही त्याच घरात, त्याच ओल्या मातीवर परत येते आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा जुलाबाने झिजू लागते. उपचार आणि प्रतिबंध यांतील फरक येथे स्पष्ट होतो.

या संदर्भात मेक्सिकोतील एक प्रयोग तपशिलाने पाहण्याजोगा आहे. त्या देशाच्या उत्तर भागातील कोआविला राज्याने २००० साली एक योजना हाती घेतली. तिचे नाव 'पिसो फिर्मे', म्हणजे पक्की भुई. ज्या गरीब कुटुंबांच्या घरात मातीची जमीन होती, त्यांना पन्नास चौरस मीटरपर्यंत सिमेंटचा कोबा सरकारी खर्चाने घालून द्यायचा, एवढीच ती योजना. कुटुंबाने आधी सामानसुमान बाहेर काढून खोल्या मोकळ्या करायच्या. मग काँक्रीटचे ट्रक वस्तीत दारोदार फिरत आणि कालवलेला माल घरात ओतत. प्रत्येक घरामागे खर्च आला सुमारे दीडशे डॉलर. या योजनेत उपदेश जवळजवळ नव्हता आणि वर्षानुवर्षे चालवावी लागेल अशी यंत्रणाही नव्हती.

योजनेचे फलित तपासण्याची एक दुर्मिळ संधी भूगोलाने दिली. कोआविलातील तोर्रेऑन हे शहर आणि शेजारच्या दुरांगो राज्यातील गोमेस पालासिओ व लेर्दो ही गावे मिळून प्रत्यक्षात एकच नागरी वस्ती आहे. मधून जाते ती केवळ राज्याची सीमा. लोक सारखे, हवा सारखी, मजुरी सारखी. पण कोबा एका बाजूलाच पडला, कारण योजना कोआविलाची होती. कातानेओ, गालियानी, गर्टलर आदी पाच अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दोन्ही बाजूंच्या कुटुंबांची पाहणी करून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. घराची सगळी मातीची जमीन पक्की झाली, तर सहा वर्षांखालील मुलांमधील जंतांचा प्रादुर्भाव ७८ टक्क्यांनी, अतिसार ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी घटतो, असा त्यांचा अंदाज निघाला. मुलांच्या भाषिक व बौद्धिक वाढीच्या चाचण्यांतही स्पष्ट सुधारणा दिसली, आणि ती मेक्सिकोच्या गाजलेल्या रोख अनुदान योजनेतून साधलेल्या सुधारणेपेक्षा मोठी होती. आयांमधील नैराश्य आणि मनावरील ताणही कमी आढळला.

असे का घडावे? जंताची एक मादी दिवसाला लाखो अंडी घालते. विष्ठेतून ती मातीत जातात आणि ओलसर, सावलीच्या मातीत दीर्घकाळ तग धरतात. मातीची जमीन झाडता येते, सारवता येते. धुता येत नाही. रांगणारे मूल हात मातीवर टेकते आणि तोच हात तोंडात घालते. मूल हे करणारच, कारण जगाची ओळख करून घेण्याची त्याची ती रीत आहे. आईने दिवसातून किती वेळा तो हात धुवावा? जंत आतड्यात अन्नाचा वाटा घेतात, अंकुशकृमी रक्त पितात, आणि रक्त कमी झालेले मूल सुस्त होते, शिकत नाही. कोबा ही साखळी पहिल्याच कडीपाशी तोडतो. तोही आईच्या शिस्तीवर अथवा स्मरणशक्तीवर विसंबून न राहता.

शेणाने सारवलेल्या जमिनीविषयी मराठी मनाला असलेला जिव्हाळा येथे आड येऊ नये. त्या जमिनीचा गारवा आणि वास यांची वर्णने करणाऱ्यांना ती दर आठवड्याला ओणव्याने सारवावी लागली नव्हती.

तथापि मेक्सिकोच्या अभ्यासातील एक आकडा उत्साहाला आवर घालणारा आहे. कोबा पडलेल्या घरांतील मुलांच्या उंचीत आणि वजनात फरक आढळला नाही. जमीन पक्की झाल्याने ताटात अन्न वाढत नाही. हे नोंदवणे आवश्यक आहे, कारण एखादा उपाय सापडला की तोच रामबाण म्हणून विकण्याचा मोह सरकारांना होतो आणि चळवळींनाही होतो.

चुलीच्या धुराची कहाणी हेच सांगते. कर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजले आणि जगाचे लक्ष प्रथमच या स्वयंपाकघराकडे वेधले. पुढे त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात पाचशेहून अधिक कुटुंबांत धुराडे असलेली चूल देऊन पाहिली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार मुलांच्या श्वासातील धूर निम्म्यावर आला, गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला, परंतु एकूण न्यूमोनियातील घट निर्णायक ठरली नाही. निम्मा धूर हाही धूरच. मग तामिळनाडू, ग्वातेमाला, पेरू आणि रवांडा येथे सुमारे ३,२०० कुटुंबांत आणखी एक मोठी चाचणी झाली. तिच्यात निम्म्या घरांना गॅस दीड वर्ष मोफत पुरवला. धूर बराच घटला, तरी तान्ह्या मुलांच्या गंभीर न्यूमोनियात ठळक फरक पडला नाही, असे २०२४ साली जाहीर झाले. म्हणून गॅस नको, असा अर्थ यातून निघत नाही. धुराने स्त्रियांचे डोळे आणि फुप्फुसे जातात, सरपण वेचण्यात दिवस जातो; गॅस देण्यास एवढी कारणे पुरेशी आहेत. पण एका सिलिंडरने बालकांचा न्यूमोनिया हटेल, हे आश्वासन मात्र पुराव्यापुढे टिकत नाही.

पाण्याच्या बाबतीत धडा अधिक कठोर आहे. बांगलादेश आणि केनिया येथील मोठ्या चाचण्यांत खेड्यातील कुटुंबांना क्लोरीन, हात धुण्याची सोय आणि सुधारलेले संडास पुरवले गेले. २०१८ साली निष्कर्ष आले: बांगलादेशात अतिसार लक्षणीय घटला, केनियात घटला नाही, आणि मुलांची उंची दोन्हीकडे वाढली नाही. याउलट ब्राझीलमधील साल्वादोर शहराने घरोघर बाटल्या वाटल्या नाहीत. शहरभर मलवाहिन्या टाकल्या. जोडलेल्या घरांचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले आणि तीन वर्षांखालील मुलांतील अतिसार सुमारे २१ टक्क्यांनी घटला. ज्या वस्त्यांत तो आधी सर्वाधिक होता तेथे ४३ टक्क्यांनी. हे २००७ साली प्रसिद्ध झाले. गल्लीतली घाण गल्लीतच राहिली, तर एका घराची स्वच्छता शेजाऱ्याच्या मोरीपाशी संपते. ही गोष्ट व्यक्तीच्या आवाक्यातली नाही. ती नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातली आहे.

स्वस्त आणि घरापुरत्या उपायांची आवड राज्यकर्त्यांना का असते, हे यावरून कळते. साबणाची वडी वाटली की जबाबदारी आईकडे सोपवता येते. मूल आजारी पडले तर तिने हात धुतले नसतील. कोबा आणि मलवाहिनी यांच्याबाबत असा दोषारोप करता येत नाही. ती एक तर असतात किंवा नसतात, आणि नसल्यास उत्तर कोणी द्यायचे ते सर्वांना ठाऊक असते.

भारतात २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.२ टक्के. म्हणजे संपन्न म्हणवणारे राज्य देशाच्या सरासरीपासून हललेले नाही. स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी कुटुंबे देशात ५८.६ टक्के होती. २०१६ पासून ग्रामीण घरकुलांसाठी मैदानी प्रदेशात एक लाख वीस हजार रुपयांचे साहाय्य आणि किमान पंचवीस चौरस मीटरचे घर ठरले. ही योजना चुकीची म्हणता येणार नाही. पण तिच्यासाठी पायाखाली स्वतःची अथवा शासनाने दिलेली जागा लागते. मेक्सिकोतही कोबा मिळाला तो ज्याचे घर होते त्यालाच. भाडेकरू, स्थलांतरित आणि भूमिहीन दोन्हीकडे याद्यांबाहेर राहिले.

आणि नेमकी तीच मुले सर्वाधिक मातीत वाढतात. बीडकडचे ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या आगेमागे निघते आणि कारखान्याच्या परिसरात चार-पाच महिने कोपीत राहते. कोपीला जमीन अशी नसतेच. असते ती नांगरटीची नाहीतर मोकळ्या माळाची माती. चूल कोपीच्या तोंडाशी, पाणी मिळेल तेथून, शौचाला उसाचा फड. आई पहाटे तोडीला जाते तेव्हा मूल मोठ्या बहिणीजवळ त्याच मातीवर असते. या कुटुंबाचे गावी पक्के घरकुल झाले असेलही, पण मूल रांगायला लागते त्या महिन्यांत त्या घराला कुलूप असते. वीटभट्टीवर आणि बांधकामावर याहून निराळे दृश्य नाही. ज्या हातांनी शहरातले कोबे घातले, त्यांची मुले वाळूच्या ढिगाऱ्याशेजारी वाढतात. बांधकाम मजुरांना कामाच्या जागी मोफत तात्पुरता निवारा, स्वतंत्र स्वयंपाकाची, आंघोळीची व शौचाची सोय मालकाने द्यावी, असे १९९६ च्या कायद्यात लिहिले होते. पुढे तो कायदा २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला. मजुरांच्या किती वस्त्यांवर त्या कलमाची अंमलबजावणी झाली, हे कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

साखर कारखान्यांपुढे मांडायची मागणी त्यामानाने साधी आहे. कोप्या दर हंगामी बहुधा त्याच परिसरात पडतात. तेथे कोब्याचे कायमचे ओटे, त्यांवर उभारता येईल असे छप्पर, नळाचे पाणी आणि शोषखड्ड्याचे संडास एकदा बांधले की पुढील अनेक हंगाम पुरतात. खर्च एकदाच होतो, लाभ दर वर्षी होतो. गाळपाच्या टनामागे पडणारा हा भार किती अल्प असेल, याचे गणित त्या त्या कारखान्याच्या ताळेबंदावरून कोणालाही मांडता येईल. ते मांडून, तालुक्यातल्या कोप्यांची संख्या मोजून, कोबा नाही अशा कोपीतील किती मुले या हंगामात जुलाबाने आजारी पडली याची नोंद घेऊन कार्यकर्त्यांनी पुढील गाळप हंगामाआधी संचालक मंडळांच्या सभांना जावे. त्या सभा बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस होतात.