वायकिंग वीर आणि टकळीची चकती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी म्हणाले, "वायकिंग वीराचे प्रेम." त्या जरा थबकल्या. या वयात हे काय, असे त्यांच्या मनात आले असावे. पण भिडेपोटी त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हा खुलासा प्रथम करते.

आमच्या सूनबाईंना इंग्रजी कादंबऱ्यांचा नाद आहे. एक दिवस दुपारची कामे आटोपून मी सहज तिचे पुस्तक उघडले, आणि संध्याकाळच्या दिवाबत्तीची वेळ झाली तरी ते खाली ठेववेना. आजच्या काळातली एक शिकलेली तरुणी काही चमत्काराने हजार वर्षे मागे जाते, आणि गलबतातून आलेल्या धिप्पाड वायकिंग वीराच्या प्रेमात पडते, अशी ती गोष्ट. सून म्हणाली, "आई, अशा कितीतरी आहेत." कुठे ती तरुणी मागे जाते, तर कुठे तो वीरच पुढे येतो. जोहाना लिंडसे या अमेरिकन लेखिकेच्या १९९५ सालच्या एका कादंबरीत प्राध्यापिकेच्या हाती जुनी तलवार येते आणि तलवारीपाठोपाठ वायकिंग हजर होतो!

पुस्तक संपल्यावर सुनेने हसत विचारले, "आई, तुम्ही गेला असता का हो तिकडे?" मी त्या वेळी हसण्यावारी नेले. पण प्रश्न मनातून जाईना. जायचे तर आधी ते गाव कसे आहे याची चौकशी नको का? मुलगी देतानासुद्धा आपण घर बघतो. म्हणून मी वाचनालयातून पुस्तके आणून ही चौकशी केली. तीच आज तुमच्यापुढे मांडते.

वायकिंग म्हणजे नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन या थंड देशांतले दर्यावर्दी लोक. इंग्लंडजवळच्या लिंडिस्फार्न बेटावरच्या मठावर त्यांनी ७९३ साली धाड घातली. तिथपासून १०६६ पर्यंतचा काळ हा ढोबळमानाने त्यांचा. चित्रात दिसतात ती शिंगांची शिरस्त्राणे मात्र त्यांनी घातल्याचा पुरावा नाही; ती एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन नाटकवाल्यांची करणी. उलट ते स्वच्छतेचे भोक्ते होते. आइसलंडच्या भाषेत शनिवारचे नावच मुळी 'न्हाण्याचा वार' असे आहे. पुढच्या काळातल्या एका इंग्रज बखरकाराची तर तक्रार आहे, की हे डेन लोक रोज केस विंचरतात, दर शनिवारी न्हातात आणि आमच्या बायकांना भुलवतात. म्हणजे कादंबरीकर्त्या अगदीच खोटे लिहीत नाहीत.

आता घर पाहू. घराच्या मालकिणीच्या कमरेला किल्ल्या असत. पुरतानासुद्धा कित्येकींबरोबर किल्ल्या पुरलेल्या सापडल्या आहेत. नवरा दर्यावर गेला की शेत, गुरे, कोठार सारे तिच्या हाती. 'लाक्सदाल गाथा' ही आइसलंडची जुनी कथा तेराव्या शतकात लिहिली गेली. तीत गुद्रून नावाची स्त्री आहे. नवऱ्याने तिच्या थोबाडीत मारली. तिने काय केले? त्याला मोठ्या गळ्याचा, बायकी दिसेल असा सदरा शिवून दिला, आणि बायकी कपडे घालतो या कारणावरून पंचांपुढे त्याच्यापासून मोकळी झाली. वर निम्मी मालमत्ताही घेतली!

हे वाचले आणि मला माझ्या आईची आठवण झाली. तिच्याही कमरेला जन्मभर किल्ल्यांचा जुडगा होता. आम्ही तिला घराची राणी म्हणत असू. वडील वारले, त्यानंतर कागद निघाले, तेव्हा कळले की घरावर, शेतावर, पोस्टाच्या पुस्तकावर कुठेच तिचे नाव नाही. १९५६ चा वारसा कायदा झाला होता, पण तो तिला कोणी सांगितला नव्हता. जुडगा कमरेचा सोडून तिने मुकाट्याने थोरल्या सुनेपुढे ठेवला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पण भगिनींनो, गुद्रून ही मोठ्या घरची. आपण मागे गेलो तर गुद्रूनच होऊ असे कशावरून? त्याच गाथेत मेलकोर्का आहे. होस्कुल्ड नावाच्या सरदाराने ती बाजारात तीन मार्क चांदीला विकत घेतली. विकणारा म्हणाला, ही मुकी आहे. ती त्याच्या घरी राहिली, तिला त्याच्यापासून मुलगा झाला, तरी ती बोलली नाही. एक दिवस ओढ्याकाठी कोणी बोलते आहे म्हणून होस्कुल्ड जाऊन पाहतो, तर ती आपल्या दोन वर्षांच्या लेकराशी बोलत होती. ती आयर्लंडच्या राजाची मुलगी होती, आणि पंधराव्या वर्षी तिला पळवून आणले होते. त्या घरात तिच्याजवळ स्वतःचे असे एक मौनच उरले होते, आणि ते तिने फक्त मुलासाठी सोडले.

ही गाथेतली गोष्ट झाली. पण अलीकडे आइसलंडच्या लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. तिथे प्रथम वस्तीला गेलेले बहुतेक पुरुष नॉर्वेकडचे, पण निम्म्याहून अधिक स्त्रिया आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या, असे त्यातून निघाले. साऱ्याच काही दासी नसतील. पण त्यांतल्या कितीजणी आपखुशीने त्या गलबतात चढल्या असतील? कादंबरीतली नायिका परक्या देशातून येते आणि वीराची लाडकी होते. खरोखर परक्या देशातून आलेल्या बाईचे काय होई, ते मेलकोर्का सांगते.

आणि ते गलबत तरी कशावर चालत असे? शिडावर. शिड लोकरीचे. मोठ्या गलबताला नव्वद-शंभर चौरस मीटरचे शिड लागे. त्याची लोकर विंचरायची, चातीवर कातायची, उभ्या मागावर विणायची. एकटीने करायचे तर वर्षानुवर्षांचे काम. वीराची कीर्ती झाली, शिड विणणारीचे नाव कुठे नाही. आम्ही शाळेत टकळीवर सूत काढत असू. एक लड पुरी करताना जीव मेटाकुटीला येई, हे आठवून पाहा म्हणजे अंदाज येईल.

शेवटी, खरोखर मागे जाऊन आलेल्या एका आधुनिक स्त्रीची हकीकत सांगते. तिचे नाव आन्ने स्टीने इंगस्टाड. ही नॉर्वेची पुराणवस्तुशास्त्रज्ञ. कोलंबसाच्या आधी वायकिंग अमेरिकेला पोचले, असे गाथा सांगत, पुरावा नव्हता. तिचे पती हेल्गे यांना १९६० साली कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर गवताखाली जुन्या घरांच्या खुणा दिसल्या. १९६१ पासून १९६८ पर्यंत आन्ने स्टीनेच्या देखरेखीखाली तिथे खोदकाम झाले. आठ इमारतींचे अवशेष निघाले. आणि काय सापडले? टकळीची एक लहानशी दगडी चकती! तिथल्या मूळ लोकांत असे सूत कातत नसत. म्हणजे वायकिंग तिथे आले होते, आणि त्यांच्याबरोबर बायका होत्या. तिथल्या लाकडावरून, १०२१ साली ते लोक तिथे होते, हेही २०२१ मध्ये सिद्ध झाले.

ती चकती कोणाची, हे कोण सांगणार? पण गुद्रीद नावाची स्त्री त्या प्रवासाला गेली, तिथे तिला मुलगा झाला, आणि पुढे उतारवयात ती रोमची यात्रा करून आली, असे गाथेत आहे. वीर शोधायला गेलेल्या विदुषीला हजार वर्षांपलीकडून एक कातणारी बाईच भेटली, असे मी समजते.

आता सुनेच्या प्रश्नाचे उत्तर. जायचेच तर मी त्या वीरासाठी जाणार नाही. ओढ्याकाठी जाऊन मेलकोर्काजवळ घटकाभर बसेन. कादंबऱ्या मात्र जरूर वाचा. मीही दुसरी मागून घेतली आहे. फक्त आज घरी गेल्यावर एक करा. आपल्या किल्ल्या तर कमरेला आहेतच. घराच्या कागदावर आपले नाव आहे का, तेवढे एकदा विचारा. विचारायची लाज वाटली तर मंडळात या, आपण मिळून जाऊन विचारू.