नाव न छापता
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या कामामागची प्रेरणा आतली की बाहेरची, हे ओळखावे कसे, असा विषय चिटणिसांनी आम्हांस दिला आहे. केंद्र सरकारच्या नोकराला हा विषय देण्यात थोडी थट्टाही असावी. कारण आमच्या जगात माणसाची किंमत वरिष्ठांच्या अहवालात लिहिलेली असते. आम्ही नोकरीत शिरलो तेव्हा तो अहवाल गोपनीय असे. प्रतिकूल शेरा तेवढा कळवीत. स्तुती कपाटातच राही. 2009 साली पद्धत बदलली. आता सबंध अहवाल दाखवितात, दहापैकी गुण देतात. बदल न्याय्यच आहे. परंतु नऊ गुण का मिळाले नाहीत, या विवंचनेत झोप गमावणारे सुज्ञ गृहस्थ पाहिले म्हणजे वाटते, गुण कळण्यापूर्वी आपल्या कामाविषयी यांचे स्वतःचे असे काही मतच नव्हते काय?

शाबासकी आम्हांसही आवडते. तिचा तिरस्कार करणाऱ्यांवर आमचा फारसा विश्वास नाही. ती मिळाली नाही तर हात थांबतो काय, एवढेच पाहावयाचे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे उदाहरण या संदर्भात आम्हांस वारंवार आठवते. मुंबईतील वकिली सोडून त्यांनी संगीताला वाहून घेतले. 1904 साली ते दक्षिणेत हिंडले, पुढे उत्तरेतही. ग्रंथ धुंडाळावेत, गायकांकडून चिजा मिळवून स्वरलिपीत उतरवाव्यात, हाच व्यवसाय. या परिश्रमाचे फळ म्हणजे संस्कृतातील ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’. त्यावर कर्त्याचे नाव ‘चतुर पंडित’! मराठीतील ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ ‘विष्णुशर्मा’ या नावाने निघाली. आयुष्याची कमाई ज्यात ओतली, त्या ग्रंथांवर स्वतःचे नाव नाही!

म्हणून ते लोकांपासून अलिप्त राहिले, असे मात्र नव्हे. 1916 साली बडोद्यास त्यांनी संगीत परिषद भरविली. बडोदे, ग्वाल्हेर या संस्थानांचा आश्रयही घेतला. तो कामासाठी होता. 1926 साली लखनौस जे संगीत महाविद्यालय निघाले, त्याला नाव दिले गेले संयुक्त प्रांताचे गव्हर्नर मॅरिस यांचे. भातखंडे त्या वेळी सहासष्ट वर्षांचे होते. त्यांचे नाव त्या संस्थेला लाभले ते पुष्कळ पुढे, त्यांच्या पश्चात.

आपल्यापैकी अनेकांची दर तीन-चार वर्षांनी बदली होते. नव्या गावी आपली जुनी कीर्ती कोणास ठाऊक नसते. आडनावसुद्धा धड उच्चारले जात नाही. तो पहिला महिना स्वतःस पारखण्यास फार सोयीचा. पूर्वीइतक्याच काळजीने फाईल वाचली जाते का, की कोणी पाहत नाही म्हणून नजर वरवर फिरते, हे ज्याचे त्यालाच कळते.

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत कार्यकारिणीच्या याद्या छापल्या जातील, त्या छापाव्यातच. पन्नास वर्षे गणेशोत्सव संपल्यावर मागे राहून सतरंज्या गुंडाळणाऱ्यांची यादी मात्र कोणी ठेवलेली नाही. त्यांतील काही आजही सभागृहात मागे उभे आहेत. तबल्याची जोडी कोणत्या कपाटात आहे, हे विचारायचे झाल्यास अध्यक्षसुद्धा त्यांच्याकडेच जातात.