दानाचे चार निकष आणि आपला उद्योग
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वाडवडिलांनी लावलेल्या या रोपाचा आज वटवृक्ष झालेला पाहताना मन भरून येते. अशा मंगल प्रसंगी ‘उद्योग आणि समाजऋण’ या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली. मी काही विद्वान नाही. पंचगंगेच्या काठी कापडावर ब्लिचिंग आणि रंगाई करणारा एक साधा कारखानदार आहे. म्हणून शास्त्राचा आधार घेऊन, पण स्वतःच्या अनुभवातूनच चार शब्द सांगतो.

आपल्याकडे आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. परंतु आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. दानाचे फळ चार गोष्टींवरून कमी-अधिक ठरते : देण्याची रीत, दिलेली वस्तू, देणारा आणि घेणारा. म्हणजे विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. आजच्या कंपन्यांच्या दानधर्माला हे चार निकष लावून पाहावेत, असे मला वाटते.

प्रथम विधी. आपल्या देशात कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ दि. १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली, तरी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे त्या कायद्याने सांगितले. हा खर्च करताना कंपनीने आपल्या परिसराला अग्रक्रम द्यावा, केवळ स्वतःच्या कामगारांच्या सोयीसाठी केलेला खर्च त्यात धरू नये आणि राजकीय पक्षाला दिलेली देणगीही धरू नये, असे दंडक घातले गेले. आपल्यासारख्या विश्वस्त संस्थांनाही असा निधी स्वीकारण्यासाठी एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकारकडे नोंदणी आवश्यक झाली.

कायदा चांगला आहे. परंतु या सभागृहातील बहुतेक व्यापारी आणि कारखानदार त्याच्या कक्षेत येत नाहीत. आपल्याला बांधणारा नियम निराळा आहे. तो म्हणजे परिग्रहपरिमाणाचे अणुव्रत. कायदा दोन टक्क्यांवर थांबतो. व्रत मात्र विचारते, की माझ्या गरजेची मर्यादा कोठे संपते?

दुसरा निकष पात्राचा. येथे आपल्या समाजाचा इतिहास अभिमानास्पद आहे. मुंबईचे जवाहिरे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी शहरोशहरी जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी राहावीत म्हणून आपली संपत्ती वेचली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक खोडकर विद्यार्थी राहत असे. पुढे तोच विद्यार्थी कर्मवीर भाऊराव पाटील झाला. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवतील असे वसतिगृह काढले. समाजाने आपल्या मुलांसाठी लावलेला दिवा अवघ्या बहुजनांच्या घरी पोहोचला. पात्र निवडताना ही व्यापक दृष्टी असावी.

तिसरा निकष द्रव्याचा. पैसा दिला म्हणजे झाले, असे नाही. वाकोदला जन्मलेले भवरलालजी जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर जळगावात व्यवसाय मांडला. पुढे त्यांच्या कंपनीने ठिबक सिंचन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेले. पाणी वाचवणे हाच तेथे धंदा झाला. उजाड टेकडीवर त्यांनी बांधबंदिस्ती करून झाडी वाढवली आणि तेथेच २०१२ साली ‘गांधीतीर्थ’ उभे राहिले. उपकार आणि उद्योग यांची दोन खाती त्यांनी वेगळी ठेवली नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता चौथा निकष, दात्याचा. येथे मला माझेच सांगितले पाहिजे.

वडिलांच्या स्मरणार्थ आम्ही नदीकाठच्या रस्त्यावर पाणपोई बांधली. संगमरवरी पाटीवर नाव कोरले, सत्कारही झाला. त्याच काळात आमच्या कारखान्याचे रंगीत सांडपाणी पुरेशी प्रक्रिया न होता रात्री ओढ्यात जात होते आणि ओढा नदीला मिळत होता. मला हे ठाऊक नव्हते, असे मी म्हणणार नाही. एकदा पाणपोईवर पाणी पिऊन एक वृद्ध शेतकरी मला म्हणाला, “मालक, पाणी गोड हाय. खरं, आमची जनावरं आता नदीला तोंड लावत न्हाईत.” त्यांच्या स्वरात राग नव्हता. म्हणूनच ते शब्द अधिक लागले. पुढे २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली. तो रोग रंगाच्या पाण्याचा नव्हता, हे खरे. पण नदीला आपण काय समजतो, हा प्रश्न त्या वर्षी माझ्या दारात येऊन बसला.

हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांची यादी आहे. जंगल तोडणे, कोळसा पाडणे, तळी-सरोवरे आटवणे हे व्यवसाय त्यात येतात. पाणी हे अपकाय जीवांचे शरीर आहे, असे आपण लहानपणापासून शिकतो. पाणी गाळून पितो. घरात गाळायचे आणि कारखान्यात नासवायचे, हा कोणता धर्म?

आम्ही प्रक्रिया यंत्रणा बसवली. त्यासाठी कर्ज काढले आणि सलग दोन वर्षे या संस्थेची देणगी निम्म्यावर आणली. त्याबद्दल मागे कुजबूज झाली, ती माझ्या कानावर आली. आज नम्रपणे सांगतो, की सांडपाणी शुद्ध करणे हे दान नव्हे, ते माझे देणे होते. देणे फेडल्यावर उरते, ते दान.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळाला एक विनंती करतो. देणगीचा धनादेश स्वीकारताना रकमेबरोबर एवढेही विचारावे : आपल्या कारखान्याचे पाणी कोठे जाते? कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी वेळेवर भरला जातो का? यामुळे काही देणग्या कमी होतील, याची मला जाणीव आहे. फलकावर दोन नावे कमी लागतील. परंतु पुढील पन्नास वर्षे या संस्थेच्या मुलांनी ज्या अन्नावर शिकायचे, ते अन्न न्यायाच्या धनाचे असावे. पहिला प्रश्न मलाच विचारावा. उत्तर द्यायला मी बांधील आहे.