मंगळवासी कोण?

एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ १८९७ साली मासिकातून क्रमशः आली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घराघरांत घुसत होते. पहिल्याच प्रकरणात टास्मानियातल्या संहाराची आठवण देऊन वेल्स ब्रिटिश वाचकापुढे आरसा धरतात. बीबीसीने २०१९ च्या तीन भागांच्या मालिकेत एडवर्डकालीन इंग्लंडच ठेवलं. मालिका आजच्या काळात आणायलाही हरकत नाही, पण आरसा काढू नये. कादंबरीत जंतू आक्रमकांना मारतात. या खंडात मात्र देवीच्या साथींत मूळ रहिवासीच मेले. आपलं नेपरव्हिल पोटावाटोमींच्या भूमीवर वसलंय. मालिका इथे घडवली, तर आपल्याला कोणती भूमिका मिळेल?